निकाल रखडला तर जबाब कोणाला विचारायचा? कुलगुरू, कुलसचिव म्हणजे काय, आणि गावातली पोरं त्या खुर्चीपर्यंत कशी पोचतात

अमरावती/अकोला : परीक्षा होऊन दोन महिने झाले, निकाल नाही. मार्कशीटवर नाव चुकलं, दुरुस्तीसाठी तीन चकरा झाल्या. पुनर्मूल्यांकनाचा अर्ज भरला, पण उत्तर येईस्तोवर पुढची परीक्षा डोक्यावर आली. दर्यापूर, मूर्तिजापूर, अंजनगाव, बार्शीटाकळी, धारणी... कोणत्याही तालुक्यातल्या पदवीच्या विद्यार्थ्याला विचारा, यातला एखादा अनुभव त्याच्या गाठीशी असतोच. मग एसटीचं तिकीट काढून पोरगं अमरावतीला विद्यापीठात जातं. तिथं एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर. "साहेब मीटिंगमध्ये हायेत" ऐकून संध्याकाळच्या गाडीनं परत.

पण हे "साहेब" नेमके कोण? निकालाचं काम कोणाचं, पैशाचं कोणाचं, कॉलेजला मान्यता कोण देतो आणि या सगळ्यांच्या वर कोण बसतं? दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा. त्या खुर्चीत आपल्या गावातलं पोरगं किंवा पोरगी कधी बसू शकते का? डॉक्टर, इंजिनीअर, तलाठी, पोलीस कसं व्हायचं हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. कुलगुरू किंवा कुलसचिव कसं व्हायचं हे सांगणारं कोणी भेटत नाही. म्हणून ही सविस्तर माहिती.

आपल्या भागात दोन विद्यापीठं, दोन वेगळे कायदे

वऱ्हाडात सरकारी विद्यापीठं मुख्यतः दोन. पहिलं संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ. १ मे १९८३ रोजी नागपूर विद्यापीठातून वेगळं होऊन ते सुरू झालं. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांतली कला, वाणिज्य, विज्ञान, अभियांत्रिकी, विधी अशी महाविद्यालयं त्याला जोडलेली आहेत. ज्यांचं नाव या विद्यापीठाला आहे ते गाडगे बाबा अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचे. स्वतः शाळा शिकले नाहीत, पण जन्मभर लोकांना सांगत फिरले की पोटाला चिमटा घ्या, पण पोराला शिकवा.

दुसरं अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ. स्थापना २० ऑक्टोबर १९६९. शेतकरी अजूनही त्याला "पीकेव्ही" म्हणतात, कारण आधीचं नाव पंजाबराव कृषी विद्यापीठ होतं. विदर्भाचे अकराही जिल्हे त्याच्याकडे आहेत. कपाशीचं पीकेव्ही हायब्रीड-२ वाण जुन्या शेतकऱ्यांच्या अजून ध्यानात आहे, ते इथलंच. पंजाबराव स्वतः अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे. इंग्लंडात ऑक्सफर्डला जाऊन डॉक्टरेट घेतली, बॅरिस्टर झाले, परत येऊन श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. पुढे १९५२ ते १९६२ देशाचे कृषिमंत्री होते.

दोन्ही विद्यापीठांचे कायदे वेगळे. अमरावती विद्यापीठ महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार चालतं. हा कायदा १ मार्च २०१७ पासून लागू झाला. अकोल्याचं विद्यापीठ महाराष्ट्र कृषी विद्यापीठे अधिनियम, १९८३ नुसार चालतं. तक्रार करताना किंवा नोकरीची जाहिरात वाचताना हा फरक लक्षात ठेवला की निम्मा गोंधळ संपतो.

कोणाचं काम काय?

गावाच्या भाषेत सांगायचं तर ग्रामपंचायतीत जसे सरपंच, ग्रामसेवक, सदस्य आणि ग्रामसभा असतात, तशीच विद्यापीठाची रचना आहे. फक्त पसारा मोठा.

कुलपती : राज्यपाल हेच सगळ्या सरकारी विद्यापीठांचे कुलपती. कुलगुरूंची नेमणूक तेच करतात. कृषी विद्यापीठात कृषिमंत्री प्र-कुलपती असतात.

कुलगुरू : विद्यापीठाचे प्रमुख. शिक्षणाचे निर्णय आणि कारभार दोन्ही त्यांच्या हाताखाली. अमरावतीसारख्या विद्यापीठात मुदत पाच वर्षं किंवा वयाची ६५ वर्षं, यातलं जे आधी येईल ते. त्याच विद्यापीठात दुसऱ्यांदा नेमणूक मिळत नाही.

प्र-कुलगुरू : कुलगुरूंच्या खालचं पद. कुलगुरूंची मुदत संपली की यांचीही संपते.

अधिष्ठाता : विद्याशाखेचे प्रमुख. २०१६ च्या कायद्यात चार विद्याशाखा आहेत : विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविज्ञान आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास.

कुलसचिव : कारभाराची चावी यांच्याकडे. कागदपत्रं, नोंदी, कर्मचारी, बैठका, निवडणुका, कोर्टकचेरी हे सगळं कुलसचिवांच्या कार्यालयातून चालतं. मुदत पाच वर्षांची.

परीक्षा व मूल्यमापन मंडळाचे संचालक : पेपर काढण्यापासून निकाल लावण्यापर्यंतची जबाबदारी यांची. निकाल रखडला तर पहिला प्रश्न यांनाच.

वित्त व लेखा अधिकारी : पैशाचा हिशोब, बजेट, बिलं.

याशिवाय मंडळं असतात. अधिसभा, म्हणजे सिनेट, ही जणू विद्यापीठाची ग्रामसभा. बजेट, वार्षिक अहवाल तिथं येतात, सदस्य प्रश्न विचारतात. व्यवस्थापन परिषद कारभाराचे मोठे निर्णय घेते. विद्या परिषद शिक्षणाचा दर्जा आणि नियम पाहते. अभ्यास मंडळ कोणता विषय कसा शिकवायचा ते ठरवतं.

निकालाबद्दल कायदा काय म्हणतो?

हे प्रत्येक विद्यार्थ्यानं लिहून ठेवावं. २०१६ च्या कायद्यानुसार परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न विद्यापीठानं करायचा असतो आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत लावायचा असतो. उशीर झालाच तर का झाला याचा सविस्तर अहवाल कुलगुरूंना कुलपतींकडे पाठवावा लागतो.

म्हणजे निकाल उशिरा लागणं ही "होतच असते" म्हणून सोडून द्यायची गोष्ट नाही. त्याचा जाब वरपर्यंत द्यावा लागतो. विद्यापीठ ही सार्वजनिक संस्था असल्यानं माहितीचा अधिकार कायदा, २००५ तिथं लागू आहे. दहा रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो आणि साधारण ३० दिवसांत उत्तर मिळायला पाहिजे. परीक्षा कधी संपली, निकाल कधी लागला, उशिराचा अहवाल पाठवला का, एवढे तीन प्रश्न विचारले तरी पुरेसे होतात.

एक चांगला कुलगुरू काय करू शकतो?

काही लोकांना वाटतं की ही मोठ्या मानाची, फीत कापायची खुर्ची आहे. तसं नाही. मुंबई विद्यापीठाचं उदाहरण घ्या. १९९५ मध्ये डॉ. स्नेहलता देशमुख तिथं कुलगुरू झाल्या. पेशानं लहान मुलांच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टर. विद्यार्थ्याच्या प्रमाणपत्रावर आईचंही नाव यावं यासाठी त्यांनी पुढाकार घेतला. आज फॉर्म भरताना "आईचे नाव" हा रकाना आपण सवयीनं भरतो. पण ज्या पोराला बापानं टाकून दिलं आणि आईनं मजुरी करून शिकवलं, त्याच्यासाठी तो रकाना किती मोठा आहे हे त्या घरालाच कळतं. एका खुर्चीवरून घेतलेल्या निर्णयानं एवढा फरक पडतो. अमरावती विद्यापीठातही डॉ. कमल सिंह यांच्या रूपानं महिला कुलगुरू होऊन गेल्या आहेत. त्यामुळे "हे बायकांचं काम नाही" असं म्हणायला जागा उरलेली नाही.

महिमापूर ते दिल्ली : आपल्याच मातीतलं उदाहरण

डॉ. सुखदेव थोरात हे नाव गावागावात माहीत असायला पाहिजे होतं, पण फार थोड्यांना माहीत आहे. त्यांचा जन्म १९४९ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या महिमापूरचा. दलित कुटुंबात वाढले. पदवीसाठी औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात गेले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं ते कॉलेज. अर्थशास्त्रात एमए झाल्यावर १९७३ पासून १९८० पर्यंत त्यांनी औरंगाबादच्याच वसंतराव नाईक महाविद्यालयात शिकवलं. पुढे दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात प्राध्यापक झाले, पीएचडीही तिथलीच.

२००६ मध्ये ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे, म्हणजे यूजीसीचे अध्यक्ष झाले आणि २०११ पर्यंत त्या पदावर होते. यूजीसी म्हणजे देशातल्या सगळ्या विद्यापीठांसाठी नियम करणारी आणि पैसा देणारी संस्था. प्राध्यापकांच्या पात्रतेची २०१० ची मोठी नियमावली त्यांच्याच काळात आली. २००८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दिल्लीच्या एम्समध्ये मागासवर्गीय विद्यार्थ्यांशी भेदभाव होतो का, याची चौकशी करणारी समितीही त्यांच्याच अध्यक्षतेखाली होती. त्यानंतर भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचे ते अध्यक्ष झाले. २०२३ मध्ये कर्नाटक सरकारनं आपल्या राज्य शिक्षण धोरण आयोगाचं अध्यक्षपदही त्यांच्याकडेच दिलं.

या प्रवासात ध्यानात घ्यायची गोष्ट वेगळी आहे. थोरात एकदम वर गेले नाहीत. सात वर्षं एका कॉलेजात साधे अधिव्याख्याता होते. मोठ्या पदावर पोचेपर्यंत तीस वर्षांहून जास्त काळ शिकवणं आणि संशोधन चालू होतं. या क्षेत्रात शॉर्टकट नाही, हे त्यांच्या कारकिर्दीतून कळतं.

पहिला रस्ता : शिकवत शिकवत वर

कुलगुरू व्हायचा मुख्य रस्ता वर्गातूनच जातो. तो टप्प्याटप्प्यानं असा आहे.

पहिला टप्पा, पदव्युत्तर पदवी. एमए, एमकॉम, एमएस्सी वगैरे. किमान ५५ टक्के पाहिजेत. अनुसूचित जाती, जमाती, नॉन-क्रीमीलेअर ओबीसी आणि दिव्यांग उमेदवारांना ५० टक्के चालतात. इथं एक धोका आहे. बरेच जण "पास झालो, झालं" म्हणून ५२-५३ टक्क्यांवर थांबतात आणि पुढे दार बंद झाल्यावर पस्तावतात. एमएला पहिल्या दिवसापासून टक्क्यांकडे लक्ष ठेवा.

दुसरा टप्पा, नेट किंवा सेट. नेट देशपातळीवरची, सेट राज्याची. महाराष्ट्रातली सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. १ जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापक होण्यासाठी नेट, सेट किंवा स्लेट ही किमान पात्रता आहे आणि त्या पदासाठी पीएचडी ऐच्छिक आहे. नेटमध्ये वरच्या गुणांनी जेआरएफ मिळाली तर संशोधनासाठी सुरुवातीला महिन्याला ३७ हजार रुपये फेलोशिप मिळते.

तिसरा टप्पा, पीएचडी. सहायक प्राध्यापकासाठी ती ऐच्छिक असली तरी त्याच्या पुढच्या प्रत्येक पदासाठी लागते. किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा वर्षं. पैशाची अडचण असेल तर राज्याच्या संस्था आहेत : अनुसूचित जातीसाठी बार्टी, जमातीसाठी टीआरटीआय, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती. त्यांच्या फेलोशिपच्या जाहिराती वेबसाइटवर येतात. तारखा हुकतात त्या बहुतेक वेळा माहिती नसल्यामुळे.

चौथा टप्पा, कायम नोकरी. सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार ५७,७०० रुपये, भत्ते वेगळे.

पाचवा टप्पा, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापक. थेट भरतीनं सहयोगी होण्यासाठी पीएचडी, आठ वर्षांचा अनुभव आणि किमान सात शोधनिबंध लागतात. प्राध्यापक पदासाठी दहा वर्षांचा अनुभव आणि किमान दहा शोधनिबंध.

सहावा टप्पा, प्रशासनाची सवय. इथून विभागप्रमुख, प्राचार्य, अधिष्ठाता, संचालक अशी पदं येतात. महाविद्यालयाचा प्राचार्य व्हायला पीएचडी, १५ वर्षांची सेवा आणि किमान दहा शोधनिबंध हवेत.

सातवा टप्पा, कुलगुरू. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार विद्यापीठात प्राध्यापक म्हणून किमान दहा वर्षं, किंवा नामांकित संशोधन वा शैक्षणिक प्रशासकीय संस्थेत दहा वर्षांचा अनुभव आणि त्यासोबत शैक्षणिक नेतृत्वाचा पुरावा लागतो.

आता वयाचा हिशोब मांडून पाहा. २३ व्या वर्षी एमए, २५ पर्यंत सेट, २९-३० पर्यंत पीएचडी आणि नोकरी, चाळिशीत प्राध्यापक. म्हणजे पन्नाशीच्या पुढेच कुलगुरुपदाचा अर्ज भरता येतो. आज बारावीत असलेल्या पोराचा हा ३५ वर्षांचा बेत आहे. संत्र्याची बाग लावली तर चार-पाच वर्षांत फळ दिसतं, इथं त्याहून कितीतरी जास्त धीर लागतो.

कुलगुरू निवडतात कसे?

पद रिकामं व्हायच्या आधी कुलपती एक शोध समिती नेमतात. जाहिरात निघते, देशभरातून अर्ज येतात. समिती छाननी करते, निवडक लोकांना बोलावून चर्चा करते आणि किमान पाच नावांची यादी कुलपतींना देते. त्यांच्या मुलाखती घेऊन कुलपती एकाची निवड करतात.

इथं ओळखीपाळखी चालत नाहीत असं कोणी छातीठोकपणे सांगणार नाही. पण नियम मोडला तर नेमणूक टिकत नाही, हेही तितकंच खरं. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गुजरातच्या सरदार पटेल विद्यापीठाच्या आणि केरळच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरूंच्या नेमणुका यूजीसीच्या नियमांप्रमाणे झाल्या नाहीत म्हणून रद्द केल्या.

सगळे कुलगुरू एकाच वाटेनं येतात असंही नाही. अमरावतीला २०२१ मध्ये आलेले डॉ. दिलीप मालखेडे हे पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातले प्राध्यापक, दिल्लीत एआयसीटीईमध्येही त्यांनी काम केलं होतं. पदावर असतानाच जानेवारी २०२३ मध्ये त्यांचं निधन झालं. त्यानंतर त्याच वर्षी नेमलेले डॉ. मिलिंद बारहाते हे नागपुरातल्या एका महाविद्यालयाचे प्राचार्य होते. एक आले अभियांत्रिकीतून, दुसरे प्राचार्यपदावरून.

दुसरा रस्ता : वावरातून कृषी विद्यापीठात

शेतकऱ्याच्या पोरांसाठी हा रस्ता जास्त ओळखीचा. बीएस्सी कृषी, मग एमएस्सी, पीएचडी. प्राध्यापक व्हायला इथं यूजीसीच्या नेटऐवजी कृषी शास्त्रज्ञ निवड मंडळाची नेट असते. पुढे सहायक प्राध्यापक, सहयोगी, विभागप्रमुख, अधिष्ठाता किंवा संचालक आणि शेवटी कुलगुरू.

कृषी विद्यापीठाचं काम शिक्षण, संशोधन आणि विस्तार अशा तीन भागांत चालतं. विस्तार म्हणजे शोध शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेणं. शिवारफेरी, मेळावे हे त्याच खात्याचं काम. म्हणून इथल्या कुलगुरूला प्रयोगशाळेइतकंच वावर कळावं लागतं. अकोल्याला २०२२ मध्ये कुलगुरू झालेले डॉ. शरद गडाख हे ज्वारीचे पैदासकार, त्याआधी राहुरीच्या कृषी विद्यापीठात संशोधन संचालक होते.

तिसरा रस्ता : ऑफिसातून वर

प्राध्यापक न होताही विद्यापीठात वरचं पद मिळतं, हे फार कमी जणांना माहीत आहे. कनिष्ठ लिपिक, वरिष्ठ लिपिक, अधीक्षक, सहायक कुलसचिव, उपकुलसचिव, कुलसचिव अशी ही शिडी. बारीक सारीक नियम विद्यापीठानुसार वेगळे असतात, पण यूजीसीनं ठरवलेली मोठी पात्रता अशी : सहायक कुलसचिवासाठी ५५ टक्क्यांसह पदव्युत्तर पदवी. उपकुलसचिवासाठी त्याशिवाय सहायक कुलसचिव म्हणून पाच वर्षांचा प्रशासकीय अनुभव. कुलसचिवासाठी १५ वर्षांचा प्रशासकीय अनुभव, त्यातली आठ वर्षं उपकुलसचिव किंवा त्या दर्जाच्या पदावर. प्राध्यापकांनाही त्यांच्या अनुभवावर या पदांसाठी अर्ज करता येतो.

म्हणजे आज जो पोरगा विद्यापीठात लिपिक म्हणून लागला, त्यानं नोकरी करता करता ५५ टक्क्यांनी एमए किंवा एमकॉम केलं तर पुढचं दार उघडं राहतं. केलं नाही तर अधीक्षकाच्या आसपास गाडी थांबते. ज्याला फाईल नीट वाचता येते, कायद्याचं कलम काढून दाखवता येतं, पत्राचा मसुदा सरळ लिहिता येतो, त्याला या कामात किंमत आहे.

सगळ्यात मोठा खड्डा : तासिका तत्त्व

आता कडू गोष्ट. सेट झाली, पीएचडी झाली, तरी कायम नोकरी मिळेलच असं नाही. अनुदानित महाविद्यालयांत भरती वर्षानुवर्षं अडते आणि जागा तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर भरल्या जातात. जेवढे तास तेवढे पैसे. सुट्ट्यांत काही नाही. गावात "प्रोफेसर साहेब" म्हणून नमस्कार मिळतो, पण उन्हाळ्यात किराण्याची उधारी थकते. लग्नाच्या बाजारात "परमनंट हाय का?" हा पहिला प्रश्न असतो.

यात एक गोष्ट बहुतेकांना उशिरा कळते. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार तात्पुरती किंवा कंत्राटी सेवा पुढच्या पदासाठी अनुभव म्हणून धरायची असेल, तर अटी आहेत. निवड रीतसर निवड समितीनं केलेली पाहिजे, पात्रता पूर्ण पाहिजे आणि मिळणारा एकूण मोबदला कायम शिक्षकाच्या पगारापेक्षा कमी नको. सीएचबीवर तेवढे पैसे मिळतच नाहीत. त्यामुळे दहा वर्षं राबूनही ती वर्षं अनुभवाच्या रकान्यात कोरीच राहू शकतात. ३५ वर्षांच्या शिडीत पहिल्या पायरीवरच दहा वर्षं गेली, तर वरची पायरी कधी येणार? ग्रामीण भागातून कुलगुरू, कुलसचिव कमी दिसतात त्याचं एक मोठं कारण इथं आहे. हुशारीची कमतरता हे कारण नव्हे.

म्हणून घरच्यांनी आधीच ठरवावं. पीएचडीला लागण्याआधी फेलोशिप मिळते का पाहा. सीएचबी घेतलीच तर मुदत ठरवा, दोन वर्षं किंवा तीन. त्या काळात नेमणुकीची पत्रं, निवड समितीचा कागद, पगाराच्या नोंदी जपून ठेवा. शेजारच्या राज्यांतल्या, केंद्रीय विद्यापीठांतल्या आणि वरच्या प्रशासकीय पदांच्या जाहिरातींनाही अर्ज करत राहा. नोकरी लावून देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर वावर विकायला निघू नका. जागेला सरकारची मान्यता आहे का, जाहिरात निघाली का, निवड समितीत विद्यापीठाचा प्रतिनिधी आहे का, हे आधी तपासा.

पदवीधर असाल तर मत तुमच्याही हातात

कुलगुरू निवडण्यात सामान्य माणसाला थेट मत नाही. पण अधिसभेत आहे. नोंदणीकृत पदवीधरांमधून दहा प्रतिनिधी निवडून जातात. त्यासाठी पदवीधरानं विद्यापीठाकडे ठराविक मुदतीत नोंदणी करावी लागते. गावात चाळीस-पन्नास पदवीधर असतात, नोंदणी मात्र दोघा-तिघांची. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला पुण्याहून गाडी करून येणारे पदवीधर सिनेटची यादी कधी निघाली हेही विचारत नाहीत. मग तालुक्याच्या कॉलेजातला निकाल, परीक्षा केंद्र, शुल्क, वसतिगृह हे प्रश्न सभागृहात मांडणार कोण? प्रशासनाची आवड असलेल्या तरुणासाठी सिनेट ही शिकायची शाळाही आहे. बजेट वाचणं, नियम पाहणं, प्रश्न विचारणं तिथंच जमतं. विद्यार्थी असाल तर विद्यार्थी परिषद आणि राष्ट्रीय सेवा योजनेपासून सुरुवात करता येते.

आत्ता काय करायचं?

बारावीत असाल तर : विषय आवडीचा घ्या आणि जवळच्या कॉलेजात शिकवणारे प्राध्यापक कायम आहेत का, हे पाहून प्रवेश घ्या.

पदवीला असाल तर : एनएसएस, विद्यार्थी परिषद, ग्रंथालय. इंग्रजी वाचायची सवय आत्ताच लावा, संशोधनाची पुस्तकं बहुतेक त्याच भाषेत आहेत.

एमए, एमएस्सीला असाल तर : ५५ टक्क्यांच्या खाली घसरू नका. पहिल्या वर्षापासून नेट-सेटचा अभ्यास करा.

नोकरीत लिपिक असाल तर : पदव्युत्तर पदवी पूर्ण करा, २०१६ चा कायदा मराठीत मिळतो, तो एकदा पूर्ण वाचा.

आईवडील असाल तर : पोरगी पीएचडी करतो म्हणाली तर "किती शिकशील?" असं विचारण्याआधी फेलोशिपची चौकशी करा. तीन-चार वर्षं घरानं साथ दिली, तर पुढची तीस वर्षं ती पोरगी सांभाळते.

आणि निकाल अडकला असेल, तर पुढच्या वेळी खिडकीवर "साहेब कुठं हायेत?" एवढंच विचारून परत फिरू नका. परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांच्या नावे लेखी अर्ज द्या, एक प्रत कुलसचिवांना द्या, दोन्हींवर आवक शिक्का घ्या आणि परीक्षा संपल्याची तारीख अर्जात ठळक लिहा. ४५ दिवस कधी संपले, ते मोजणं सोपं जाईल.